जांभळी नाक्यावर कॅमेरा घेऊन उभं राहायचं असेल तर

'स्ट्रीट फोटोग्राफी सुरू करायची आहे, कुठला कॅमेरा घेऊ?' ठाण्यातली नवी मुलं भेटली की पहिला प्रश्न हाच असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. खिशात आहे तो मोबाइल काढा, त्याची लेन्स रुमालाने पुसा आणि पहिले काही महिने एकच जागा धरा. घरापासून चालत जाता येईल अशी. रोज नवा भाग पालथा घालणाऱ्याला शहर दिसतं, पण तिथला उजेड कधी कुठे येतो ते कळत नाही.

जागेवर मी इतका अडून बसतो, कारण रस्त्यावरचा चांगला फोटो निम्म्याहून जास्त तिथेच ठरतो. नवखा माणूस पिळदार मिशी किंवा सुरकुतलेला चेहरा दिसला की तिकडे धावतो. चेहरा मिळतो, पण मागे अर्धा टेम्पो, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब आणि कडेला कुणाचं तरी कापलेलं कोपर. क्रम उलटा करा. आधी उजेड शोधा, मग त्याच्या मागे काय आहे ते बघा, आपण कुठे उभं राहायचं ते ठरवा आणि थांबा. माणसं येतात. ठाण्यात त्यांची वाट फार वेळ बघावी लागत नाही.

जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी हे फार छान समजतं. फुलवाल्यांच्या डोक्यावर निळ्या ताडपत्र्या असतात. त्यांच्याखाली सगळ्यांचे चेहरे निळसर दिसतात आणि झेंडूचा ढीगही मलूल वाटतो. पण दोन ताडपत्र्यांच्या फटीतून हातभर रुंदीचा उन्हाचा पट्टा खाली पडतो, आणि त्यात आलेली प्रत्येक गोष्ट पेटून उठते. मोबाइलवर त्या पट्ट्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, लॉक होईल. मग एक्स्पोजर थोडं खाली ओढा. आजूबाजूच्या पिशव्या, पाट्या, वायरी काळोखात जातात आणि उरतो फक्त पट्टा. आता हात बघत राहायचं. फुलं मोजणारा हात, तराजूचं वर आलेलं पारडं, समोरून नोट पुढे करणारा गिऱ्हाइकाचा हात. हे तिघं एकाच वेळी पट्ट्यात आले की बटण दाबायचं. चेहऱ्याची गरजही पडत नाही. सूर्य वर चढला की पट्टा सरकतो आणि तो फोटो त्या दिवसापुरता संपतो, म्हणून वेळेवर पोचायचं.

चांगला फोटो कशाला म्हणायचं, याचं माझ्यापुरतं उत्तर या हातांमध्ये आहे. फ्रेममधल्या दोन गोष्टींचं आपसात काहीतरी नातं जुळलं पाहिजे. एकटी देखणी गोष्ट पुरत नाही. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा फ्रान्समधल्या इएर गावचा फोटो नीट बघा. वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावर मोकळ्या जागेतून निसटणारा सायकलवाला. क्षण नेमका पकडला म्हणून सगळे वाखाणतात, पण जिन्याच्या वळणाने सायकलसाठी जागा आधीच करून ठेवली आहे. सायकल पुढे गेली असती तरी जिना तसाच राहिला असता, आणि जिना नसता तर तो नुसता सायकलवाला होता. ब्रेसाँ बहुतेक काम झूम नसलेल्या ५० मिमीच्या एकाच लेन्सवर करत. झूमची सवय लागली की पाय हलेनासे होतात, आणि अर्धं पाऊल बाजूला सरकल्यावर खांब डोक्यावरून हटतो हे झूम शिकवत नाही.

फोटो काळा-पांढरा केला की गंभीर वाटतो, हा मोह टाळा. निळी ताडपत्री आणि केशरी झेंडू करड्या रंगात एकसारखे दिसू शकतात, मग उरलं काय? कलात्मक फोटो म्हणजे काळा-पांढरा असं मानलं जायचं, त्या काळात छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी भारत रंगातच टिपला. त्यांचे फोटो जमतील तिथे बघा. गर्दीतही नजर भरकटत नाही.

कॅमेरा असेलच तर सेटिंग फार नाही. शटर किती वेळ उघडं राहतं ते चालत्या माणसांसाठी १/२५० सेकंद, धावत्यांसाठी १/५००, आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर. फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) २८ मिमी लेन्स, तिचं छिद्र एफ/८ आणि फोकस अडीच मीटरवर ठेवला तर साधारण दीड ते दहा मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, फोकस शोधण्यात वेळ जात नाही. संध्याकाळी तलावपाळीवर मात्र उजेड कमी, तिथे एफ/२ इतकं मोठं छिद्र लागेल आणि फोकस नेमका साधावा लागेल.

माणसांशी वागणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कॅमेरा लपवू नका. नजरानजर झाली तर हसा. 'मावशी, एक काढू का?' 'काढ की, पण पेपरात नको हां देऊस.' एवढं बोलणं झालं की त्या पुन्हा गजरा ओवायला लागतात, आणि खरा फोटो त्यानंतर मिळतो. नको म्हणाले तर वाद न घालता पुसून टाका. फुटपाथवर झोपलेला माणूस, रडणारं मूल, असहाय अवस्थेतलं कुणीही मी टिपत नाही, फ्रेम कितीही सुंदर असली तरी. स्टेशनच्या हद्दीत आधी परवानगी विचारा.

गुढीपाडव्याची शोभायात्रा आणि दहीहंडी सुरुवातीला नकोच. नऊवारी, फेटे, ढोल-ताशे इतके तयार असतात की सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. आधी साधा मंगळवार जमवा.

फोटो काढलेत की आठवडाभर कुणाला पाठवू नका. मग बघा, आणि ज्याच्यासाठी 'तेव्हा तिथे असं झालं होतं' अशी पुस्ती जोडावी लागते तो बाजूला ठेवा. राहतील त्यांच्या ४ बाय ६ च्या प्रिंट काढून जमिनीवर मांडा. आपल्या सवयी तिथे उघड दिसतात. माझ्याबरोबर फिरणाऱ्या एका मुलीच्या प्रिंट मांडल्या तर प्रत्येकीत माणसं तितक्याच अंतरावर आणि पाठमोरी. तिने पुढच्या रविवारी रस्ता ओलांडला आणि येणाऱ्या गर्दीकडे तोंड करून उभी राहिली.