कॉम्प्रेसर बंद पडतो, की बंद केला जातो?

गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते 'गॅस भरून टाकू'. गेज (दाबमापक) न लावता, अंदाजाने भरलेला गॅस धडधाकट कॉम्प्रेसरचीही, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचीही, वाट लावतो. आधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं: कॉम्प्रेसरला चालू होण्याचा हुकूम मिळत नाही, की हुकूम मिळूनही त्याला चालता येत नाही? पुढची माहिती आर-१३४ए गॅस, चुंबकी क्लच (कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारा-सोडणारा भाग) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलआधी गॅसचा दाब उतरवणारी झडप) असलेल्या गाड्यांसाठी आहे.

इंजिन आयडलवर ठेवा, एसी पूर्ण थंडीवर आणि ब्लोअर मोठा करा. बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी बेल्टपासून लांब. आता कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेली क्लचप्लेट बघा. पुली तर बेल्टबरोबर सतत फिरतेच. प्लेटही तिच्याबरोबर फिरत असेल तर क्लच लागला आहे. क्लच किती वेळ लागतो आणि किती वेळ सुटतो, हे घड्याळ लावून पाच मिनिटं लिहून ठेवा. पावसाळी गार हवेत क्लच अधूनमधून सुटणं अगदी ठीक आहे, कारण कूलिंग कॉइल गोठू नये म्हणून तिथला सेन्सर शून्याच्या थोडं वरच कॉम्प्रेसर थांबवतो. मे महिन्याच्या दुपारी, उन्हात तापलेल्या गाडीत मात्र तो बराच वेळ सलग चालायला हवा.

क्लच लागतच नसेल तर मल्टिमीटर काढा. क्लचच्या कनेक्टरवर बॅटरीइतका व्होल्टेज येतोय का? फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. काहीच येत नसेल तर दोष मागे आहे: फ्यूज, रिले (क्लचला वीज जोडणारा स्विच), प्रेशर स्विच किंवा सेन्सर. त्याच नंबरचा रिले हॉर्नचा असेल तर अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांत शंका मिटते. प्रेशर स्विच साधारण २ बारखाली आणि ३० बारच्या आसपास कॉम्प्रेसर बंद करतो. तो स्विच वायर जोडून 'बायपास' करून गाडी चालवू नका. रिकाम्या सिस्टिममध्ये गॅसबरोबर फिरणारं तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि तो आतून घासून जातो.

व्होल्टेज येतोय पण क्लच लागत नाही, तर क्लचच्या चुंबकाच्या कॉइलचा रोध मोजा. बहुतेक ठिकाणी ३ ते ४.५ ओहम येतो. अनंत आला तर कॉइल तुटली, शून्याजवळ आला तर शॉर्ट झाली.

सर्वांत जास्त फसवणारी तक्रार वेगळीच असते: सकाळी एसी उत्तम, अर्ध्या तासाने ट्रॅफिकमध्ये गरम हवा, गाडी थंड झाली की पुन्हा ठीक. इथे गॅस भरून काहीच साधत नाही. प्लेट आणि पुलीमधली फट झिजून वाढलेली असते. तांब्याचा रोध तापल्यावर वाढतो; २० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना जवळजवळ ४.७ ओहम होते. प्रवाह पाऊणपट उरतो आणि चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने साठ टक्क्यांच्याही खाली येते. लहान फट तेवढ्या ओढीत मिटते, मोठी मिटत नाही. क्लच सुटलेला असताना कनेक्टरवर पूर्ण व्होल्टेज दिसला तर निदान जवळजवळ पक्कं. इंजिन बंद करून प्लेटभोवती तीन जागी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. जास्त असेल तर मधला बोल्ट काढून प्लेट ओढा आणि शाफ्टवरचा एखादा पातळ शिम (फट राखणारी चकती) कमी करा. गॅस काढावा लागत नाही. फट फारच कमी ठेवलीत तर क्लच सुटल्यावरही प्लेट घासते आणि जळते. प्लेटवर तेल दिसलं, तर मात्र शाफ्टचं सील गळतंय. शिमने ते सुटणार नाही.

क्लच नीट लागतो तरी थंडावा नाही, मग गेज लावा. आधी इंजिन पूर्ण थंड असताना, काही न चालवता वाचा. २५ अंशांना सुमारे ८० पीएसआय, ३५ ला ११५, विदर्भातल्या ४५ अंशांना १५५. याहून खूप कमी म्हणजे गॅस जवळजवळ संपला. एवढाच आला म्हणून गॅस पुरेसा आहे, असं मात्र समजू नका: आत द्रवरूप गॅस थोडा असो वा भरपूर, आकडा तोच येतो. स्पष्टपणे जास्त आला तर आत हवा किंवा भलताच गॅस आहे.

मग १५०० आरपीएमवर बघा. ३५ अंशांना लो बाजू (कॉम्प्रेसरकडे परत येणारा गॅस) साधारण २५ ते ४० पीएसआय, हाय बाजू (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस) २०० ते २७५. दोन्ही चढे असतील तर कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, पाणी मारा. आकडे झटकन उतरले तर फॅन किंवा धुळीने भरलेला कंडेन्सर दोषी. लो चढा आणि हाय उतरलेला, आरपीएम वाढवूनही फरक नाही, तर कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. लो हळूहळू व्हॅक्यूमकडे जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुधारतो, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये पाण्याचा बर्फ धरतोय; ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) बदला.

आवाजाची परीक्षा सोपी आहे. एसी बंद असतानाही घरघर येते, ती पुलीच्या बेअरिंगची असू शकते. बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. फक्त क्लच लागल्यावर खडखड येत असेल तर कॉम्प्रेसरच्या आत बघा. पाइप सोडल्यावर काळपट तेल आणि चमकणारा धातूचा चुरा दिसला, तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि बारीक नळ्यांचा कंडेन्सरही बदलावा लागतो, कारण त्या नळ्या धुऊन साफ होत नाहीत.

गळती काढल्यावर निदान ३० मिनिटं व्हॅक्यूम ओढा, पंप बंद करून काटा हलतो का बघा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजूनच भरा. गॅस बाहेर हवेत सोडू नका, मशिनने काढून घ्या.