बॉक्सकॅब इंजिनाचे मॉडेल घडवताना या चुका टाळा

बॉक्सकॅब हे चौकोनी आकाराचे डिझेल किंवा विजेचे रेल्वे इंजिन, म्हणजे जणू चाकांवर ठेवलेली पेटी; तेव्हा मॉडेल रेल्वेसाठी पहिले इंजिन स्वतः घडवायचे तर तेच सर्वांत सोपे, असा हिशेब बहुतेक जण मांडतात. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. बॉयलरचा गोलावा नाही, पुढच्या नाकाचे वळण नाही, हे खरे. पण त्यामुळेच गुण्यात न बसलेला कोपरा, तिरकी खिडकी किंवा वाकडी गेलेली रिव्हेटांची ओळ यांना सपाट भिंतीवर लपायला जागाच उरत नाही. पुढील सर्व मापे एचओ स्केलची, म्हणजे १:८७ या प्रमाणातील आहेत. त्यात मूळ इंजिनाचा एक फूट मॉडेलवर ३.५ मिमी होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक कामाच्या क्रमात असते. हौसेने आधी पेटी तयार केली जाते आणि मग तिच्यात मावेल अशी मोटर व बोग्या (इंजिनाखाली वळणारे चाकांचे संच) यांचा शोध सुरू होतो. मिळालेल्या बोगीच्या दोन धुऱ्यांमधील अंतर ३.५ मिमीने जास्त निघाले, की मूळ मापात पूर्ण एका फुटाची चूक झालेली असते, आणि छोट्या इंजिनावर ती लगेच डोळ्यांत भरते. म्हणून चालणारी यंत्रणा आधी हातात घ्यावी, मूळ इंजिनाच्या आराखड्याशी तिच्या धुऱ्यांचे अंतर, चाकांचा व्यास (३६ इंची चाक मॉडेलवर सुमारे १०.५ मिमीचे होते) आणि रुळापासून मोटरच्या माथ्यापर्यंतची उंची ताडून पाहावी, आणि मगच भिंतीला पहिला काप द्यावा. मोटर किंवा फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचे जड चक्र) खिडकीच्या खालच्या कडेवर येत असेल, तर ती खिडकीतून दिसणारच. नंतर काचेला काळा रंग फासून ही चूक झाकली जात नाही.

दुसरी चूक कल्पनेच्या स्वातंत्र्यातून येते. आपल्या मनातल्या रेल्वे कंपनीसाठी इंजिन घडवताना काहीही चालते, असे वाटते. परंतु बॉक्सकॅबचे छत त्याच्या पोटातील यंत्र सांगत असते. न्यूयॉर्क शहरात वाफेच्या इंजिनांवर बंदी घालणारा कायदा १९२३ मध्ये झाला आणि १९२५ मध्ये अल्को, जनरल इलेक्ट्रिक व इंगरसोल-रँड या कंपन्यांनी मिळून बनवलेले ६० टनी, ३०० अश्वशक्तीचे ऑइल-इलेक्ट्रिक बॉक्सकॅब सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या रेल्वे कंपनीने १००० हा क्रमांक देऊन त्याच शहरातील ब्राँक्सच्या मालधक्क्यावर शंटिंगसाठी (डबे इकडून तिकडे हलवण्यासाठी) आणले. या जातीच्या इंजिनात भिंतीआड डिझेल असल्यामुळे छतावर पाणी थंड करणाऱ्या नळ्या आणि धूर सोडण्याची वाट लागते. याउलट मिलवॉकी रोड या अमेरिकी रेल्वे कंपनीने १९१५ पासून माँटानाच्या डोंगरी मार्गावर ३००० व्होल्ट डीसीवर चालवलेल्या बॉक्सकॅबना पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारी चौकट), इन्सुलेटर आणि छतावरून जाणारी विद्युतवाहिनी हवी. दोन्हींचे सुटे भाग एकाच छतावर मांडले, की जाणकाराला ते इंजिन कशावर चालते तेच कळत नाही. ब्राँक्ससारख्या चिंचोळ्या, तीव्र वळणांच्या यार्डासाठी आखूड पेटी शोभते. तीच पेटी लांबच लांब मालगाडीपुढे जोडली तर ती बिचारी दिसते.

भिंतींचे साहित्य निवडताना जाडीचा हिशेब करावा. आपल्याकडे स्टायरिन या प्लास्टिकचा पत्रा सहज मिळत नाही म्हणून अनेक जण ३ मिमीचा सनबोर्ड (फोमचा फळा) वापरतात. एचओमध्ये ३ मिमी म्हणजे मुळातील सुमारे २६ सेंटिमीटर. खिडकीच्या कडेला ही जाडी दिसली, की इंजिनाऐवजी किल्ल्याची तटबंदी आठवते. शिवाय त्याचा काप सच्छिद्र निघतो. ०.५ मिमी आणि १ मिमी स्टायरिनचे दोन थर जोडणे अधिक चांगले, मात्र तेथेही एक सापळा आहे. माझी पहिली भिंत रात्री सपाट होती आणि आठवड्याभराने केळ्यासारखी वाकली, कारण दोन थरांच्या मध्ये पातळ सॉल्व्हंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारे द्रव) अडकून राहिले होते. आतल्या थराला थोड्या थोड्या अंतरावर छिद्रे पाडावीत, सॉल्व्हंट बेताने लावावे आणि जोड सपाट वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवावा. रिव्हेट नेहमी भिंत सुटी असतानाच उठवावेत.

वजनासाठी शिशाचे छर्रे वापरल्यास ते लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने कधीही चिकटवू नयेत. ओलावा आणि गोंदातील आम्ल यांमुळे शिशावर क्षार धरतो, तो फुगतो आणि काही वर्षांनी आतून पेटी उकलते; त्याऐवजी इपॉक्सी वापरावे. एकाच बोगीला मोटर असेल तर वजनाचा मोठा वाटा त्या बोगीवर यावा.

इंजिन रुळांच्या सांध्यावर अडखळत असेल, तर आधी किती चाकांतून वीज घेतली जाते ते पाहावे. आखूड इंजिनात चारच चाकांचा संपर्क पुरत नाही. आठही चाकांतून वीज घ्यावी आणि रबरी टायरचे चाक संपर्काच्या हिशेबात धरू नये. इंजिन वारंवार रुळावरून उतरत असेल, तर बहुधा दोन्ही बोग्या घट्ट बसलेल्या असतात. एक बोगी फक्त पुढे-मागे झुकू द्यावी आणि दुसरी बाजूंनाही डोलू द्यावी, म्हणजे असमान रुळावर सगळी चाके टेकतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठरावीक उचकी लागत असेल, तर वंगण ओतत बसू नये. धुऱ्यावर दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर तडकलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि तो बदलावाच लागतो.

डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल आज्ञा पाठवून इंजिन चालवण्याची पद्धत, आणि त्या आज्ञा वाचणारे इंजिनातील सर्किट म्हणजे डिकोडर. हा डिकोडर जळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चासीला (धातूच्या सांगाड्याला) चिकटलेला मोटरचा ब्रश. जुन्या यंत्रणांत हे मुद्दाम केलेले असते, कारण साध्या डीसीवर ते चालते. डिकोडर जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने (वीजजोड तपासणाऱ्या मीटरने) मोटरची दोन्ही टोके आणि दोन्ही बाजूंची चाके यांच्यात कोठेही जोड नाही याची खात्री करावी. डिकोडरची लाल व काळी तार रुळांकडे, नारिंगी व करडी मोटरकडे जाते. इंजिन उलट दिशेने धावले तर घाबरू नये; नारिंगी आणि करडी तार अदलाबदल करावी किंवा सीव्ही २९ मध्ये (डिकोडरच्या २९ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये) दिशा बदलावी. एलईडीला रेझिस्टर न विसरता लावावा, साधारण १ किलोओहमचा पुरतो.

खिडक्यांच्या काचा सर्वांत शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावर बसवाव्यात आणि त्यांच्या जवळ सुपरग्लू आणू नये, कारण त्याच्या वाफेने काचेवर पांढरट धुके चढते. छत मात्र चिकटवू नये. ते दोन स्क्रूंवर किंवा चुंबकांवर ठेवावे, कारण पुढच्या महिन्यात तार सुटली की त्याच वाटेने आत शिरायचे असते.