बॅटरीशिवाय सेन्सर चालवायचा असेल तर आधी गळती मोजा

खोलीतल्या उजेडावर चालणारा तापमानाचा सेन्सर तयार करताना पहिली चूक बहुधा सोलर सेल निवडतानाच होते, कारण हिशेब उन्हाचे आकडे धरून मांडला जातो. भर उन्हात एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० मिलिवॅट प्रकाश पडतो; घरातल्या दिव्याखाली तेवढ्याच सेलमधून जेमतेम काही मायक्रोवॅट हाती येतात. म्हणून आवक २० मायक्रोवॅट धरावी आणि खर्च तिच्यात बसवावा.

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सेन्सर चालवणारी छोटी संगणक-चिप, स्लीप मोडमध्ये (काम नसताना झोपेत) ३ व्होल्टला १ मायक्रोअँपिअर घेत असेल, तर तो खर्च ३ मायक्रोवॅट होतो. रेडिओला एका संदेशासाठी १० मिलिअँपिअर प्रवाह १० मिलिसेकंद लागत असेल, तर ३०० मायक्रोज्यूल जातात. इतका प्रवाह सेलमधून थेट मिळणे शक्य नसल्याने ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवावी लागते. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३.३ वरून २.२ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे १.४ मिलिज्यूल देतो, म्हणजे संदेश जाऊनही बरेच उरते. मात्र ३.३ ला सर्किट जोडणारा आणि २.२ ला तोडणारा व्होल्टेज डिटेक्टर हवाच. अन्यथा मायक्रोकंट्रोलर कमी व्होल्टेजलाच जागा होतो, व्होल्टेज कोसळते, तो रीसेट होतो आणि हेच चक्र चालू राहून कपॅसिटर कधीच भरत नाही.

खरी मेख गळतीत, म्हणजे काम नसतानाही वाहून जाणाऱ्या प्रवाहात, आहे. माझ्या पहिल्या बोर्डवर व्होल्टेज मोजण्यासाठी १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक कायमचे जोडलेले होते. ते ३ व्होल्टला ४५० मायक्रोवॅट खात होते, म्हणजे आवकीच्या बावीस पटींहून अधिक. मोठा सेल लावून अशी भोके बुजत नाहीत. हे रेझिस्टर मोजमापापुरतेच जोडावेत आणि मोकळ्या इनपुट पिन कशालाही न जोडता तरंगत ठेवू नयेत.

गळती मोजायला महागडे उपकरण लागत नाही. सेल काढून, सर्किट झोपेत असताना कपॅसिटरचे व्होल्टेज पाहावे: ४७० मायक्रोफॅरडवर ०.१ व्होल्ट उतरायला ४७ सेकंद लागले, तर प्रवाह १ मायक्रोअँपिअर आहे. मल्टिमीटरचा १० मेगाओहमचा रोध स्वतःच ०.३ मायक्रोअँपिअर ओढतो, म्हणून प्रोब फक्त सुरुवातीला आणि शेवटी टेकवावेत. त्यानंतर बोर्ड सोडवून नुसत्या कपॅसिटरवर हीच चाचणी करावी. तोही तितक्याच वेगाने उतरत असेल, तर दोष त्याचाच. बराच काळ पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुरुवातीला जास्त गळतो, म्हणून तो काही तास चार्ज करून ठेवावा आणि मगच पुन्हा मोजावे.