कालिमांतानच्या त्रिभुज प्रदेशात घर-जमीन बघताना: आधी पाणी, मग कागद

इंडोनेशियाच्या दक्षिण कालिमांतान प्रांतात, बारितो नदीच्या मुखालगत बारितो कुआला जिल्हा आहे. इथली गावं एका जागी गोळा झालेली नसून कालव्याच्या काठाने लांबच लांब पसरलेली असतात. बंजार लोकांनी नदीपासून आत खणत नेलेल्या या कालव्यांना हांडिल म्हणतात. पुढे नारळ आणि नाव, मागे भातशेती, मधे खांबांवरचं लाकडी घर, अशी रचना. लग्नामुळे किंवा नोकरीमुळे इथे राहायला जाणाऱ्याला जमीन स्वस्त वाटते आणि तो घाईने पैसे देऊन बसतो. आमचा सल्ला एकच: पहिलं वर्ष भाड्याने राहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्याशिवाय या जमिनीचा स्वभाव कळत नाही.

पाणी किती चढतं ते आधी मोजा

दोनदा जा. एकदा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, आणि साधारण आठवड्याने भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढणाऱ्या, भरतीला. जावा समुद्राच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी दिवसातून एकच मोठी भरती येते, म्हणून दोन तास उभं राहून उपयोग नाही. चोवीस तास मुक्काम करा. भरतीचं भाकीत इंडोनेशियाच्या हवामान खात्याकडे आणि नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाकडे मिळतं.

तिथले शेतीतज्ज्ञ भरती-ओहोटीच्या जमिनीचे चार प्रकार करतात. उधाण आणि भांग दोन्ही भरतींना पाणी चढतं तो 'अ', फक्त उधाणाला चढतं तो 'ब'. पाणी वर येत नाही पण भूजल ५० सेंटीमीटरच्या आत आहे तो 'क', त्याहून खोल असेल तर 'ड'. राहणं आणि शेती दोन्हींचा मेळ घालायचा तर 'ब' सगळ्यात बरा. त्यात सुरजान पद्धत जमते: माती ओढून उंच वरंबे करायचे, त्यांवर संत्री लावायची आणि मधल्या खोलगट पट्ट्यात भात घ्यायचा. इथली संत्री बंजारमासिनच्या बाजारात जातात, त्यामुळे जुना, जोमदार बाग असलेला प्लॉट हा जमिनीच्या तब्येतीचा पुरावाच समजा.

घराचा तळ ठरवताना शेजारच्या चार घरांच्या खांबांवरचे पाण्याचे डाग पाहा. सगळ्यात वरच्या डागापेक्षा घरातल्या जमिनीची फळी किमान अर्धा मीटर वर हवी. डिसेंबर-जानेवारीत पाऊस आणि उधाण एकत्र आलं की एरवीचा अंदाज चुकतो. शिवाय मऊ मातीत घर हळूहळू खचतंही.

माती: सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट

या भागात मातीखाली पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं. ओली असेपर्यंत ती निरुपद्रवी. चर खणून पाणी काढलं, हवा लागली, की पायराइटचं गंधकाम्ल होतं आणि मातीचा सामू (पीएच) ४ च्या खाली घसरतो. भात पिवळा पडतो. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसात सगळं आम्ल धुऊन कालव्यात येतं, तेव्हा मासे मरतात, खिळे गंजतात आणि काँक्रीटचे खांबही पोखरले जातात.

ओळखायचं कसं? चराच्या काठावर गंजासारखा तांबूस थर आणि पाण्यावर तेलकट दिसणारी साय शोधा. काडीने ढवळल्यावर साय तुकडे होऊन फुटली तर ती लोहाची. लगेच पुन्हा जुळली तर तेल सांडलेलं असावं. चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे जवळ पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याची, जमीन आहे. भरतीच्या गढूळ नदीकाठी काचेसारखं नितळ पाणी दिसलं तर मात्र खूश होऊ नका. आम्लामुळे विरघळलेलं ॲल्युमिनियम तुरटीसारखं काम करून गाळ खाली बसवतं, म्हणून ते नितळ दिसतं.

खात्री करायची असेल तर जमिनीत ५० आणि १०० सेंटीमीटर खोलीवरची माती काढा. चमचाभर मातीवर ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब टाका. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा, त्वचा भाजते. माती जोरात फसफसून गरम झाली, गंधकाचा वास आला आणि नंतर सामू-पट्टी २.५ च्या खाली गेली, तर पायराइट आहे. काळ्या, पालापाचोळ्याच्या मातीत नुसतं फसफसणं पुरावा नाही; तिथे पट्टीवरच भरवसा ठेवा. पायराइट ५० सेंटीमीटरच्या आत सापडलं तर खोल चर खणायचेच नाहीत आणि उन्हाळ्यात ताबात, म्हणजे कालव्यातला छोटा बांध, घालून पाणी धरून ठेवायचं. ताबात एकट्याने घालता येत नाही, पूर्ण हांडिलचं त्यावर एकमत लागतं. गावात ते टिकतं का, हे प्लॉट बघण्याइतकंच महत्त्वाचं.

पीट खोल असेल तर सोडून द्या. पाणी उतरलं की ते आकसतं, जमीन वर्षागणिक खाली जाते आणि कोरडं झालं की पेटतं. २०१५ आणि २०१९ मध्ये कालिमांतानभर धूर पसरला होता तो मुख्यतः अशाच जमिनींचा.

घर

जुन्या घरांचे खांब उलिन लाकडाचे असतात. हे लाकूड पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, पण आता दुर्मीळ आणि महाग झालंय, म्हणून चांगले उलिनचे खांब हीच अशा घराची खरी किंमत. घराच्या पायाला गलाम झाडाचे ओंडके असतात. ते कायम पाण्याखाली राहिले तर कुजत नाहीत. कधी ओले, कधी कोरडे होणारे ओंडके मात्र लवकर जातात. ओहोटीला खाली उतरा आणि प्रत्येक खांबाला पाणी चढ-उतार होणाऱ्या पट्ट्यात स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. एक सेंटीमीटरहून जास्त आत गेला तर तो खांब बदलायचा धरा. मग दहा मीटरची पारदर्शक नळी पाण्याने भरून चारही कोपऱ्यांच्या फळ्यांची पातळी जुळवा. सगळं घर सारखं खचलं असेल तर चालतं. एक कोपरा खाली गेला असेल तर दारं-खिडक्या अडकायला लागतात आणि खर्च वाढतच जातो.

पिण्याचं पाणी म्हणजे पावसाचं. नदीचं पाणी तुरटीने निवळतं, पण खारेपणा जात नाही, आणि कोरड्या महिन्यांत समुद्राचं पाणी खूप आत येतं. हिशोब सोपा आहे: चौघांना पिण्या-रांधण्यापुरते माणशी ५ लिटर धरले तर ९० दिवसांना १८०० लिटर. म्हणजे १२०० लिटरच्या दोन टाक्या. ६० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०० लिटर होतात, गळती वजा जाता ५०० च्या आत हाती येतात.

विजेचा मीटर बघा. ९०० व्होल्ट-अँपिअरची जोडणी फक्त ४ अँपिअर देते. पंप आणि इस्त्री एकदम लावली की बटण पडतं. आणि हांडिल ओहोटीला कोरडा पडतो का ते विचारा. पडत असेल तर रात्री आजारी माणसाला आरोग्य केंद्रात न्यायलाही भरतीची वाट बघावी लागते.

कागद

१९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क, म्हणजे हाक मिलिक, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. परदेशी माणसाच्या नावे व्यवहार केला तर तो रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. ओळखीच्या स्थानिकाच्या नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला गावात सर्रास मिळेल. तो ऐकू नका. कोर्टात तुमच्या हाती काही उरत नाही. परदेशी माणसाला वापराचा हक्क, म्हणजे हाक पाकाई, मिळू शकतो, पण घरासाठी प्रांतवार किमान किंमत ठरलेली आहे आणि खेड्यातलं लाकडी घर त्यात सहसा बसत नाही. म्हणून व्यवहार्य मार्ग भाडेपट्ट्याचा. नवरा किंवा बायको इंडोनेशियन असेल तर मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नोटरीकडे करा. नाहीतर जमीन सामाईक मानली जाते आणि एका वर्षात सोडावी लागते. इंडोनेशियाच्या संविधान न्यायालयाच्या ६९ क्रमांकाच्या निकालामुळे हा करार लग्नानंतरही करता येतो.

जोडीदाराच्या नावे घेत असाल तर या क्रमाने जा:

१. कागद प्रमाणपत्र आहे की गावप्रमुखाचा नुसता दाखला, ते बघा. दाखला मालकी सिद्ध करत नाही आणि एकाच तुकड्याचे दोन दाखले निघालेले असतात.

२. जिल्ह्याच्या जमीन कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी करा. जागा वनक्षेत्राच्या नकाशात येते का, तेही तिथेच विचारा. वनक्षेत्रात मालकीचं प्रमाणपत्र मिळत नाही, वर कितीही जुनी वस्ती असली तरी.

३. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांसमोर हद्द मोजा. वडिलोपार्जित असेल तर सर्व वारसांच्या सह्या घ्या, शहरात गेलेल्या बहिणीचीही.

४. नदीकाठचं राखीव अंतर तपासा. बांध नसलेल्या मोठ्या नदीला गावाबाहेरच्या भागात १०० मीटर, छोटीला ५०.

५. खरेदीखत सरकारमान्य जमीन-दस्त अधिकाऱ्यासमोरच करा. विकणाऱ्याला २.५ टक्के आयकर लागतो. घेणाऱ्याला करमुक्त रक्कम, जी किमान ८ कोटी रुपिया आहे, वजा करून ५ टक्क्यांपर्यंत कर लागतो.

शेतजमीन असेल तर मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा, आणि संरक्षित भातक्षेत्रात घर बांधता येत नाही.

नदीने खाल्लेल्या जमिनीवरचा हक्कही संपतो, म्हणून काठापासून पुढच्या खांबापर्यंतचं अंतर दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवा आणि काठावरची निपा पामची झाडं तोडू देऊ नका. स्पीडबोटींच्या लाटा तीच झेलतात. भाव वाढेल म्हणून घेऊ नका. २०१९ मध्ये नवी राजधानी पूर्व कालिमांतानमध्ये जाहीर झाली तेव्हा तिथल्या जमिनींचे भाव चढले. बारितोच्या हांडिलवर तो हिशोब लावणं चूक आहे. भाडेपट्टा किमान पाच वर्षांचा करा, मालकाच्या जोडीदाराचीही सही घ्या, आणि तुम्ही बदललेल्या खांबांचे व टाक्यांचे पैसे सोडताना कोण देणार हे त्यातच लिहून घ्या.