निपलचा टॅटू करून घ्यायचा असेल तर

माझ्या अंगावरचे पहिले टॅटू मी मागितलेच नव्हते. रेडिएशनला रोज त्याच स्थितीत नेमकं झोपवता यावं म्हणून टाचणीच्या डोक्याएवढे गडद ठिपके गोंदले, ते. त्यानंतरचा मात्र ठरवून केला. कॅन्सरमुळे डावा स्तन काढून त्या जागी इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम स्तन, बसवल्यावर समोर नुसता उंचवटा आणि त्यावर आडवा व्रण होता. तिथे निपल आणि भोवतीचा गडद गोल, म्हणजे एरिओला, काढून घेतला.

सगळ्यात आधी थांबायची तयारी ठेवा. व्रण लालसर, कडक किंवा खाजरा असेल तोवर सुई नको. तो फिकट, मऊ, सपाट व्हायला हवा. ऑपरेशननंतर किमान तीन-चार महिने तरी धरा, रेडिएशन झालं असेल तर बरेच जास्त, कारण ती त्वचा पातळ होते आणि शाई सगळीकडे सारखी धरत नाही. केमो चालू असताना विषयच काढू नका. सर्जनचा होकार घ्या. इम्प्लांटपर्यंत संसर्ग गेला तर ते काढावंही लागू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. निपलला खराखुरा उंचवटा हवा असेल तर ती छोटी शस्त्रक्रिया बहुधा टॅटूच्या आधी करतात. मला पुन्हा टाके नको होते, म्हणून मी नुसत्या रंगावर भागवलं.

आर्टिस्ट निवडताना ताज्या टॅटूचे फोटो बघून भाळू नका. ताजं काम सगळंच झकास दिसतं. काही महिन्यांनंतरचे, व्रणावर केलेले, तुमच्यासारख्या वर्णाच्या बाईचे फोटो मागा. मी सावळी आहे. एका ठिकाणी मला गुलाबी छटा दाखवली, मी तिथूनच परत आले.

आता जागा. इथे घाई केलीत तर आयुष्यभर दिसेल. माझ्या आर्टिस्टने आधी मला आडवं करून गोल आखला. उठून आरशात बघते तर दोन्ही बाजू दोन दिशांना! आडवं झालं की आपला मूळचा स्तन काखेकडे पसरतो, इम्प्लांट जागचं हलत नाही. त्यामुळे आखणी उभं राहून, खांदे सैल सोडूनच करायची. मग मी घरी कागदाचे गोल कापले, साधारण चार सेंटिमीटर व्यासाचे, थोडे लहान-मोठे, आणि सौम्य चिकटपट्टीने लावून दोन दिवस आरशासमोरून येत-जात राहिले. शेवटी ठरलेली जागा माझ्या पहिल्या अंदाजापेक्षा बोटभर खाली निघाली. दुसऱ्या बाजूशी माप आणि रंग जुळवताना खोली गार नको. थंडीने एरिओला आकसतो आणि गडद दिसतो. रंग दिवसाच्या उजेडात ठरवा.

सपाट त्वचेवर निपल पुढे आल्यासारखं दिसतं ते सावलीमुळे. वर उजळ ठिपका, खाली गडद चंद्रकोर, गोलात बारीक दाणे, आणि कड कंपासने काढल्यासारखी न ठेवता त्वचेत विरवलेली. कड विरवायला आवर्जून सांगा.

सुया आणि शाईच्या वाट्या एकदाच वापरायच्या. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यात संकोच कसला? ॲलर्जीचा इतिहास असेल तर आधी छोटा ठिपका देऊन बघावा. मला मधल्या भागात फक्त थरथर जाणवली, कारण तिथली संवेदना ऑपरेशनमध्येच गेली होती. काखेच्या बाजूला मात्र चांगलंच झोंबलं. हात वर धरून खांदा भरून येतो, मध्ये थांबायला सांगा. भूल देणारं मलम हवं असेल तर ते डॉक्टरांना विचारून.

नंतरचे पंधरा दिवस सौम्य साबण, हलक्या हाताने टिपणं, सैल सुती कपडे. पोहणं नको, ऊन नको, खपली ओढायची नाही. बधिर त्वचेला घासलेलं कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी बघा. लाली पसरली, पू आला किंवा ताप आला तर आर्टिस्टला नाही, डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीला रंग भडक दिसेल. घाबरू नका, तो उतरतो. व्रणावर तर हमखास फिकट चट्टे राहतात. त्यासाठी सहा-आठ आठवड्यांनी टच-अप असतो, आणि काही वर्षांनी पुन्हा लागू शकतो.

वापरलेल्या शाईचं नाव लिहून घ्या. पुढच्या मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा एमआरआयच्या वेळी टॅटूबद्दल सांगायचं: शाई काखेतल्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड) जाऊन चित्रात ठिपक्यांसारखी दिसू शकते, आणि लोहयुक्त रंग एमआरआयमध्ये क्वचित गरम लागतात.

टच-अपच्या दिवशी आर्टिस्टने ते रेडिएशनचे ठिपकेही झाकून देऊ का, म्हणून विचारलं. लगेच हो म्हणू नका, आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. किरण कुठे दिले त्याची ती खूण असते. माझे अजून तिथेच आहेत.