आधारची झेरॉक्स, घरचा ग्रुप आणि आपला फोन: आपली माहिती आपल्याकडंच कशी राहील

मागच्या महिन्यात सांगलीत विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते, लेकीच्या अ‍ॅडमिशनसाठी आधार आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या प्रिंट काढायच्या होत्या. दुकानातला पोरगा म्हणाला "ताई, भिंतीवरच्या नंबरला व्हॉट्सअ‍ॅप करा की, लगेच काढतो". केलं. मग कुठलं पान काढायचं ते दाखवायला त्यानं मॉनिटर माझ्याकडं वळवला आणि मी बघतच राहिले. डाव्या बाजूला व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं, माझ्या मेसेजच्या वर कुणाच्यातरी पासबुकचं पहिलं पान, खाली कुणा बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, त्याखाली सातबारा. मी फाईलचं नाव नुसतं आधार ठेवलं होतं, ती त्याच्या डाऊनलोड फोल्डरमधे पडली तेव्हा नाव झालं आधार (47). म्हणजे त्याच नावाच्या कितीतरी फायली तिथं आधीपासून पडून होत्या, आणि त्या कॉम्प्युटरवर दिवसभर तीन पोरं आळीपाळीनं बसतात, गर्दी असली की गिऱ्हाईकपण आत जाऊन माऊस हातात घेतंय.

पोरगा वाईट नव्हता. मी म्हणलं माझ्या फायली डिलीट कर बाबा, तर त्यानं लगेच केल्या, रिसायकल बिनपण रिकामा केला. पण तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे की आपण हॅकर हॅकर करून घाबरतो आणि इकडं आपली सगळी कागदं आपल्याच हातानं वाटत सुटतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय, मी स्वतः काय काय बदललं ते, आणि प्रत्येक गोष्ट घरबसल्या फोनवर होते.

पहिलं म्हणजे आधार. मास्क्ड आधार नावाची गोष्ट आहे हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही. माय आधारच्या साइटवर जायचं, पत्ता शेवटी यूआयडीएआय डॉट गव्ह डॉट इन असाच पाहिजे, गुगलवर शोधून जे पहिलं येईल त्याच्यावर टिचकी मारू नका. आधार नंबर आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून आत गेलं की डाऊनलोड आधार, तिथं मास्क्डची खूण करायची. त्या आधारवर 12 पैकी पहिले 8 आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे 4 दिसतात. फाईलला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमधे आणि पुढं जन्मसाल. हॉटेलवर रूम घेताना, सोसायटीत भाडेकरू म्हणून कागद देताना, कुरिअरवाल्याला दाखवताना हेच द्या. आणि ह्या प्रिंट एकदाच दहाबारा काढून घरात फाईलला लावून ठेवा, म्हणजे दर वेळी दुकानाच्या नंबरवर पाठवायची गरजच राहत नाही. झेरॉक्स देताना मी आता त्याच्यावर आडवं पेनानं लिहिते, "फक्त भाडेकरारासाठी", तारीख आणि सही, कोपऱ्यात नाही तर मधोमध, पत्त्यावरून जाईल असं. त्यानं चोरी शंभर टक्के थांबत नाही पण तीच झेरॉक्स दुसरीकडं खपवणं अवघड होतं.

आणि प्रत्येक ठिकाणी आधारच द्यायला पाहिजे असं नाही. सुप्रीम कोर्टानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात बँक खातं आणि सिमकार्डासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं सांगितलंय. त्याच्या आदल्या वर्षी, 24 ऑगस्ट 2017 ला, 9 न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा आपला मूलभूत हक्क आहे. त्यामुळं कुणी मागितलं तर "कशासाठी पाहिजे आणि दुसरं काय चालेल" एवढं विचारायला लाजू नका. मी लायसन्स दाखवते, बहुतेक वेळा चालतंय.

आता अंगठ्याचं. बँक मित्र म्हणजे बँकेच्या वतीनं गावात पैसे काढून देणारा माणूस, त्याच्या मशीनवर आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी येतच नाही. देशात काही ठिकाणी जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्याचे रबरासारखे खोटे अंगठे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याच्या केसेस झाल्यात. आपल्याकडं तर घराघरात दस्त आहेत. त्याच आधारच्या साइटवर बायोमेट्रिक लॉक आहे, ते लावून टाका. रेशन दुकानात किंवा सिम घेताना अंगठा लागला तर तेवढ्या वेळापुरतं उघडायचं, नंतर परत बंद. माझ्या सासऱ्यांचं लॉक केलं आणि त्यांना सांगायला विसरले, रेशनला अंगठा लागेना म्हणून ते तासभर रांगेत ताटकळले, तेव्हा घरात कुणाचं लॉक केलं तर त्या माणसाला आधी नीट सांगा. तिथंच ऑथेंटिकेशन हिस्टरी पण दिसते, तुमचं आधार कधी कधी वापरलं गेलं ते. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर गप्प बसू नका.

हे सगळं झालं तरी एक मोठं भोक आमच्या घरातच होतं. 2019 च्या ऑगस्टमधे महापूर आला तेव्हा आमच्या काकांच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, कपाटातली कागदं भिजून लगदा झाली. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी ठरवलं की आता प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा, म्हणजे एकाचा फोन गेला तरी दुसऱ्याकडं राहील. हेतू चांगलाच होता हो, कोण नाही म्हणेल. पण त्या ग्रुपवर आज सव्वीस जण आहेत, त्यात दोन जावई, एक जण ज्याचा फोन पुण्यात बसमधे चोरीला गेला, आणि दोन नंबर असे की ते कुणाचे ते कुणालाच सांगता येईना. सगळ्यांचे पॅन, पासबुकं, चेकबुकचे फोटो, आजीचं आधार, पोरांचे जन्मदाखले. सांगली-मिरजेत पूर पाहिलेल्या कितीतरी घरांत असंच असणार ह्याची मला खात्री आहे.

आम्ही काय केलं ते सांगते. डिजिलॉकर, म्हणजे कागदं ठेवायचं सरकारी अ‍ॅप, ते उघडलं, प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं. आधार, पॅन, लायसन्स, गाडीचं आरसी, दहावी-बारावीची मार्कशीट ही कागदं तिथं थेट त्या त्या खात्याकडून येतात, फोटो काढायचा नाही. लायसन्स आणि आरसी तर तिथून दाखवलेलं कायद्यानं चालतं. बाकीची जुनी कागदं तिथंच स्कॅन करून चढवता येतात. मग ग्रुपवरचे जुने फोटो काढायला घेतले आणि तिथं कळालं की व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट हे साधारण दोन दिवसांतच करता येतं, पाच वर्षापूर्वीचं नाही. म्हणून एका रविवारी सगळ्यांना फोन करून, ग्रुपच्या नावावर टिचकी मारून मीडियामधे जाऊन, ज्यानं त्यानं आपापल्या फोनवरून कागदं काढली, गॅलरीतून पण. ते दोन अनोळखी नंबर काढून टाकले. दोन तास गेले. करण्यासारखं काम आहे, खरंच.

व्हॉट्सअ‍ॅपचंच चाललंय तर त्याच्या सेटिंग्ज आत्ताच उघडा. अकाउंटमधे टू स्टेप व्हेरिफिकेशन, 6 आकडी पिन टाका, जन्मतारीख सोडून. हा पिन असला की कुणी गोड बोलून तुमच्याकडून ओटीपी काढला तरी तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर सुरू होत नाही. मग लिंक्ड डिव्हायसेस बघा, तुम्ही कधी ऑफिसच्या नाहीतर कॅफेच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब लावलं असेल आणि तसंच उठून आला असाल तर ते तिथं दिसेल, लॉग आऊट करा. प्रायव्हसीमधे जाऊन प्रोफाईल फोटो, लास्ट सीन आणि ग्रुप्स ह्या तिन्हीला माय कॉन्टॅक्ट्स करा, नाहीतर कुणीपण तुम्हाला शेअर मार्केटच्या ग्रुपात ओढतंय आणि तिथल्या शेकडो लोकांना तुमचा नंबर आणि मुलांसोबतचा फोटो दिसतोय. आणि चॅट बॅकअप, तो गुगलवर जातो तेव्हा आपोआप कुलूपबंद नसतो, एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. त्याचा पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा, विसरला तर बॅकअप गेला.

ह्याच्या पुढचं तासगावच्या आत्याचं. आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, ओळखीच्याच बाईच्या नंबरवरून. तिनं दाबली, फोननं विचारलं इन्स्टॉल करू का, तिनं हो म्हणलं. "आगं पत्रिका हाय म्हणून उघडली न्हवं मी, त्यात काय बघायचं?" असं ती मला नंतर म्हणाली आणि तिचं चुकलं असं मला अजूनपण वाटत नाही, पत्रिका बघणं म्हणजे चूक कशी होईल. पण ती पत्रिका नव्हती, नावाच्या शेवटी डॉट एपीके होतं. पत्रिका असेल तर ती फोटो असतो नाहीतर पीडीएफ, एपीके म्हणजे अ‍ॅप. त्या अ‍ॅपनं तिचे मेसेज वाचायची परवानगी घेतली, म्हणजे बँकेचे ओटीपी तिच्याआधी दुसऱ्याच्या हातात, आणि तिच्या नंबरवरून तीच पत्रिका पुढं सगळ्या भावकीला गेली. नशीब, खात्यात त्या दिवशी फार पैसे नव्हते. आरटीओचं चलन, लाईटबिल, बँकेची केवायसी, अशी नावं बदलून हाच प्रकार फिरतोय. म्हणून आईवडिलांच्या फोनमधे सेटिंग्जमधे जाऊन इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स असं शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाईल्स सगळ्यांसमोरचं बटण बंद करून टाका. बंद असलं की नुसत्या हो म्हणण्यानं असलं अ‍ॅप बसत नाही.

परवानग्यांचं पण तिथंच बघून घ्या, परमिशन मॅनेजर. मेसेज, कॉन्टॅक्ट, माईक, लोकेशन, एकेक उघडून बघायचं कुणाकुणाला दिलंय. माझ्याकडं पंचांगाच्या एका अ‍ॅपला कॉन्टॅक्टची परवानगी होती, तिथी सांगायला माझे कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत? काढली, आणि तिथी पहिल्यासारखीच दिसतेय. अँड्रॉइड 12 पासून लोकेशन नेमकं न देता अंदाजे पण देता येतं, हवामानाच्या अ‍ॅपला तेवढं बास. कर्ज देणारी अनोळखी अ‍ॅप्स मात्र ठेवूच नका, अशा कितीतरी अ‍ॅप्सनी कॉन्टॅक्ट आणि गॅलरी घेऊन नंतर नातेवाईकांना फोन लावून बदनामीच्या धमक्या दिल्यात.

गुगलचं थोडक्यात. तुमच्या खात्यात डेटा अँड प्रायव्हसीमधे वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी आणि टाइमलाइन आहे, एकतर बंद करा नाहीतर ऑटो डिलीट 3 महिन्यांवर लावा. इन्कॉग्निटो उघडलं म्हणजे कुणाला काही दिसत नाही हा गैरसमज आहे, फक्त तुमच्या फोनवर हिस्टरी राहत नाही, नेट देणाऱ्या कंपनीला आणि त्या साइटला दिसायचं ते दिसतंच.

पासवर्ड सगळीकडं वेगळा पाहिजे, निदान ईमेल आणि बँकेचा तरी, कारण ईमेल गेलं की बाकी सगळ्याचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. नाव आणि 123 नको, गाडीचा नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा, भडंग-आयर्विन-चष्मा-पावसाळा अशासारखे, हेच नका वापरू म्हणजे झालं. लक्षात राहत नसतील तर वहीत लिहून कपाटात ठेवा, फोनच्या नोट्समधे लिहिण्यापेक्षा ते बरं.

मोबाईल नंबरचं एक सांगायचं राहिलं. कपड्याच्या दुकानात बिलाच्या वेळी नंबर विचारतात, तो देणं सक्तीचं नाही, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2023 च्या मे महिन्यात दुकानदारांना तसं कळवलंय सुद्धा. "नंबर नको, बिल द्या" एवढंच म्हणायचं. आणि तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी साइटवर दिसतं, एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त 9 असू शकतात. मी बघितलं तर माझ्या नावावर 4 दिसली, 3 घरातली, चौथं मी कधी घेतलंच नव्हतं. तिथंच "हा माझा नंबर नाही" असं नोंदवायची सोय आहे, नोंदवलं, काही दिवसांनी ते यादीतून गेलं. हे काम आज रात्री जेवण झाल्यावर करा, पाच मिनिटं लागतात.

फोन रिपेअरला टाकताना पिन सांगू नका. काही फोनमधे मेंटेनन्स मोड असतो, तो लावला की कारागीराला फोन चालवून बघता येतो पण फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. तुमच्यात नसेल तर समोर उभं राहून काम करून घ्या, आणि विकायचा असेल तर आधी गुगल खातं काढून मग फॅक्टरी रिसेट, नुसते फोटो डिलीट करून देऊ नका.

एवढं करूनही काही झालंच, तर पहिल्या मिनिटाला फोन फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरून 1930 लावा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर लावाल तितके पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त. मग बँकेला फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार किंवा जवळचं पोलीस स्टेशन. समोरच्याचे मेसेज लाजेनं किंवा रागानं डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. कुणी तुमचे फोटो पसरवायची धमकी देत असेल तर पैसे देऊ नका, एकदा दिले की परत मागतात, आणि घरात कुणातरी एकाला लगेच सांगा. आत्यानं दोन दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून. आता तिच्या फोनच्या कव्हरमागं मी कागदावर मोठ्या अक्षरात 1930 आणि त्याखाली माझा नंबर लिहून चिकटवलाय.