कळसूबाईला निघण्याआधी फोनची तयारी

१६४६ मीटरच्या कळसूबाईवर बारी गावाकडून चढताना लोखंडी शिड्या लागतात. तिथे वाकताना वरच्या खिशातला फोन सटकला, तर खाली कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. स्क्रीनला लॉक असूनही धोका उरतोच. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे ओटीपी तिकडे जातात.

म्हणून घरीच सेटिंगमध्ये जाऊन सिमचा पिन सुरू करा, म्हणजे दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर सिम आधी हा आकडा मागेल. मूळ पिन ग्राहक सेवेकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके कोड, म्हणजे ते पुन्हा उघडायचा कंपनीकडचा आकडा मागतं. सुरू झाल्यावर पिन लगेच बदला. जन्मसाल मात्र नको! *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक कागदावर लिहून घरी ठेवा. फोन हरवलाच तर पोलीस तक्रारीला आणि सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन बंद करायला हाच क्रमांक लागतो.

आता दोरी. तीन पदरी नायलॉनचा घट्ट गोफ विणा, टोकं मेणबत्तीवर किंचित वितळवून बंद करा. सुती दोरा पावसात भिजून जड होतो, त्यामुळे मला नायलॉनच बरा वाटतो. गोफाचं एक टोक फोनच्या कव्हरला, दुसरं सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला. गळ्यात अजिबात अडकवू नका, शिडीच्या कठड्यात अडकला तर मानेला हिसका बसेल. लांबी वीतभरच ठेवा.